चेंडू हवेत असताना कुठं पाहायचं

तीन फूट म्हणजे किती हे आमच्या गावच्या पोरींना शिकवावं लागत नाही. जून लागला, एकदोन चांगले पाऊस झाले की सरकी टोबायला निम्म्या पोरी आईच्या मागं वावरात असतात, आमच्याकडं हलक्या जमिनीत पऱ्हाटीच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, तीन फूट ठेवतात, आणि दोनचार हंगाम टोबणी केली की ते अंतर टेप न लावता डोळ्यात बसतं. आजी लोक अजून त्याला दोन हात म्हणतात, एक हात म्हणजे दीड फूट. नेटबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शनचा नियम २०२३ पर्यंत ०.९ मीटरचा होता, म्हणजे हेच तीन फूट; २०२४ च्या नियमांत तो १.२ मीटरचा झाला. जिच्या हातात चेंडू आहे तिचा जो पाय आधी जमिनीला लागला तिथून मोजायचं, आणि समोर हात वर करून अडवणारी पोरगी तेव्हा त्या ०.९ मीटरच्या आत चालायची नाही. शहरातल्या एका शिबिरात मी पाहिलंय की या एका अंतरासाठी नवीन पंचांना काठ्या देऊन दिवसभर मोजायला लावायचे, आणि ते बरोबरच होतं, पण आमच्या पोरींना मी एवढंच म्हटलं की दोन तासांतलं अंतर, आणि त्या दिवसापासून ऑब्स्ट्रक्शनची त्यांची शिट्टी क्वचितच चुकली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत पीटी शिकवते. नेटबॉल आमच्याकडं आला तो स्वस्त म्हणून आला, हे खरं सांगायला पाहिजे. बास्केटबॉलला बोर्ड लागतो, पक्कं कोर्ट लागतं. नेटबॉलला पोल आणि वर रिंग, बोर्डच नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याला मी माप दिलं, जमिनीपासून रिंग ३.०५ मीटर, रिंगचा आतला व्यास ३८० मिलिमीटर, त्यानं दोन दिवसांत दोन पोल उभे करून दिले. कोर्ट ३०.५ बाय १५.२५ मीटर, त्याचे तीन भाग, दोन्ही टोकांना ४.९ मीटर त्रिज्येचा अर्धा गोल, हे सगळं फक्कीनं आखायचं. काळी माती असल्यामुळं पावसात कोर्ट राहत नाही आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, एप्रिल-मेमध्ये तर सकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ मिळतो, त्यानंतर उभं राहवत नाही. पण पोरी खेळतात, मनापासून खेळतात. आमच्याकडं तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग आणि त्यापुढं राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण आहे, आणि राज्यापर्यंत गेलं तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं घरचेही पाठवतात.

पण हा लेख खेळाडूंवर नाहीये. शिट्टी ज्यांच्या तोंडात असते त्यांच्यावर आहे.

माझ्या हातात नेटबॉलची शिट्टी पहिल्यांदा आली ती एका जिल्हास्तराच्या स्पर्धेत. मी माझी टीम घेऊन गेले होते, आमची मॅच सकाळीच संपली होती, आम्ही हरलो होतो, पोरी डबे खात होत्या. आयोजकांपैकी एकजण आले आणि म्हणाले, मॅडम तुम्ही बीपीएड आहात ना, पंच आले नाहीत, दोन मॅच काढून द्या. मी म्हटलं मला नियम पूर्ण येत नाहीत. ते म्हणाले, काही नाही हो, आणि नियमांची झेरॉक्स माझ्या हातात दिली, दोन पानं. मी बीपीएडला कबड्डीची, खोखोची पंचगिरी केली होती, वाटलं जमेल. समोरच्या साइडलाइनवर दुसरे एक सर होते, त्यांनाही असंच कुठून तरी उचलून आणलं होतं.

नेटबॉलला दोन पंच असतात, प्रत्येकाकडं अर्ध कोर्ट आणि आपल्या बाजूची पूर्ण साइडलाइन. पंच हा शब्द आपल्याकडं पाच माणसांवरून आला, पाचजण पारावर बसायचे, एकमेकांना विचारायचे आणि मग सांगायचे. इथं अर्ध्या कोर्टाला तुम्ही एकट्या असता आणि निर्णयाला सेकंदभरसुद्धा मिळत नाही.

दुसरी मॅच होती १७ वर्षांखालच्या मुलींची. एका टीमची जीएस म्हणजे गोल शूटर खूप चांगली होती, उंच, हात मऊ, पाचपैकी चार वेळा रिंगमधून खाली. तिच्यावर जी जीडी म्हणजे गोल डिफेन्स होती ती प्रत्येक वेळी चेंडू वर गेला की कोपर मागं घ्यायची, बरगडीत. हे मला आज माहीत आहे कारण नंतर मला सांगितलं गेलं. त्या दिवशी मी हे एकदाही पाहिलं नाही, कारण चेंडू वर गेला की मीही वर पाहत होते. सगळं ग्राउंड वर पाहत होतं आणि मीही त्यांच्यातच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्या शूटरनं सहन न होऊन जीडीला हातानं ढकललं, आणि नेमकं तेव्हा चेंडू खाली होता, म्हणून ते मला दिसलं. मी शिट्टी मारली, कॉन्टॅक्ट, पेनल्टी पास. नियम असा आहे की जिनं फाऊल केला तिनं पास घेणारीच्या बाजूला उभं राहायचं आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत खेळात भाग घ्यायचा नाही. ती शूटर, जिनं तासभर तिला कोपर मारलं होतं तिच्याच बाजूला, हात खाली सोडून उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. काही बोलली नाही. त्यानंतर तिचे शॉट जाईनात आणि टीम दोन गोलनी हरली.

मॅच संपल्यावर तिचे बाबा आले. कापूस वेचणीचे दिवस होते, माणूस काम सोडून एसटीनं आलेला, खांद्यावर दुपट्टा. म्हणाले, "मॅडम, पहिले त्या पोरीनं मारलं जी, कितीक खेपा मारलं, ते तुमाले दिसलं नाई का?" आवाज चढलेला नव्हता, खरंच विचारत होते. आणि मी त्यांना म्हटलं, पंचाचा निर्णय अंतिम असतो. ते म्हणाले, "बरं मॅडम," आणि गेले.

हे वाक्य मी कुठून आणलं होतं कोण जाणे. नियमात ते आहेच. पण त्या माणसानं निर्णय बदला म्हटलं नव्हतं. दिसलं का एवढंच विचारलं होतं, आणि खरं उत्तर होतं, नाही दिसलं. ते उत्तर मला देता आलं नाही याचं दुःख मला त्या चुकीपेक्षा जास्त आहे, आजही आहे. ती पोरगी पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत नव्हती. शिक्षण सुटलं का, लग्न झालं का, नुसता खेळ सोडला, मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

तीन वर्षांनी अमरावतीला एका विभागीय स्पर्धेत मला पुन्हा शिट्टी दिली गेली, तोवर मी नियमांचं पुस्तक पूर्ण वाचलं होतं, पंच परीक्षाही दिली होती आणि पास झाले होते. मला वाटत होतं आता मला येतं. तिथं एक ताई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, कितीतरी वर्षं पंचगिरी केलेल्या, त्यांची मॅच नव्हती म्हणून त्या माझ्या साइडलाइनला आल्या आणि पूर्ण एक क्वार्टर माझ्या मागं मागं चालल्या. मी पळाले की त्या पळायच्या. ब्रेकमध्ये त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, अगं चेंडू एकदा हातातून सुटला की तो जिथं जायचा तिथंच जाणार आहे, वाटेत तो काहीच करत नाही, तू त्याला कशाला पाहतेस, तो जिथं पडणार तिथं तू आधीच पोच आणि तिथल्या बायांकडं पाहा. बायांकडं, असंच म्हणाल्या. पुढच्या क्वार्टरमध्ये मी जबरदस्तीनं चेंडूवरची नजर काढली. आणि मला कोर्ट दिसलं. पहिल्यांदा. कोपर, कंबर, जर्सी धरलेली बोटं, उडी मारण्याआधी दुसरीच्या पायावर ठेवलेला पाय, हे सगळं आधीही तिथंच होतं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून तर मी खालीच बसले. आपल्या अर्ध्या कोर्टात काही दिसलं नाही किंवा शंका आली तर समोरच्या पंचाला विचारता येतं. दुसऱ्या पंचानं त्यासाठी तयारच राहायचं असतं. हे मी वाचलं होतं, पण वाचून ते आत गेलं नव्हतं, कारण आपल्याकडं विचारणारा पंच म्हणजे कच्चा पंच असं आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं, रात्रीच्या कबड्डीत हॅलोजनखाली पंच दुसऱ्या पंचाकडं वळला की लोक ओरडायला लागतात, फुटला फुटला म्हणून. त्या जिल्हास्तराच्या मॅचमध्ये समोरच्या सरांना ते कोपर दिसलं असेल का? त्यांच्या बाजूनं ती जीडी सरळ दिसत होती. मी कधी विचारलंच नाही.

तेव्हापासून मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की पंच पुस्तकानं होत नाही आणि परीक्षेनंही होत नाही, पंचाच्या मागं कुणीतरी चालावं लागतं. जिथं नेटबॉल मुरलेला आहे तिथं हे व्यवस्थेतच आहे. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये पंचांचे सी, बी, ए असे टप्पे आहेत, लेखी परीक्षा तर आहेच पण नुसत्या लेखीवर कोणी वर जात नाही, कुणीतरी अनुभवी येऊन तुमची मॅच पाहतं, तुम्ही कुठं उभ्या होता, किती पळालात, काय सोडलं, काय पकडलं ते सांगतं. सर्वांत वर जागतिक संघटनेचा आंतरराष्ट्रीय पंचाचा दर्जा, तिथं तर फिटनेस टेस्टपण द्यावी लागते कारण पंच चेंडूच्या मागं राहिला तर त्याला दिसणारच नाही. ऑस्ट्रेलियात काही ठिकाणी नवशिक्या पंचाला हिरवा शर्ट देतात, म्हणजे खेळाडूंना, कोचला, बाहेर उभ्या आईबापांना लांबून कळावं की ही शिकतेय, हिच्यावर ओरडू नका. हे वाचलं तेव्हा मला त्या दिवशीची मी आठवले, अंगावर शाळेचा टी-शर्ट, हातात दोन पानांची झेरॉक्स.

आणि हे नियमसुद्धा काही आकाशातून पडलेले नाहीत. बास्केटबॉल १८९१ मध्ये अमेरिकेत निघाला, तो इंग्लंडच्या मुलींच्या कॉलेजात गेला, तिथं बदलत बदलत १९०१ मध्ये नेटबॉलचे नियम पहिल्यांदा छापले गेले, तरी पुढची साठ वर्षं वेगवेगळ्या देशांत वेगवेगळं चालू होतं, कुठं सातजणी, कुठं नऊजणी. सगळे एका नियमावर आले ते १९६० मध्ये, आणि कुठं, तर आपल्या शेजारी कोलंबोत. मग १९६३ ला इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा. पोरींना मी हे सांगते, कारण त्यांना वाटतं नियम म्हणजे कुणीतरी लांबच्या गोऱ्या माणसानं लिहिलेलं काहीतरी आहे. आपल्या देशाची टीम २०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये खेळली हेही सांगते. बाकी इतिहास त्यांना फार नको असतो.

तर मी आमच्या गावात रविवारी सकाळी पंचांचा वर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे काय, ज्या पोरी टीममध्ये निवडल्या जात नाहीत, ज्यांचं खेळायचं वय संपलं, ज्या आता तालुक्याच्या कॉलेजला जातात पण राहतात गावातच, अशा पाचसहा जणी. पहिले दोन महिने शिट्टी नाही. साइडलाइनच्या बाहेर उभं राहायचं, उजव्या खिशात वीस खडे, कोर्टात जो फाऊल दिसला त्याचा एक खडा डाव्या खिशात. तोंडातून शब्द काढायचा नाही. मीही तेच करायचे. क्वार्टर संपली की खडे मोजायचे. माझे अकरा, एकीचे चार, एकीचे सतरा. मग बोलायचं, तुझे सतरा कुठले, सांग. आणि कधी कधी तिचे सतराही बरोबर असायचे आणि माझे अकरा कमी असायचे, कारण ती नव्या नजरेनं पाहत होती आणि मी सवयीनं.

मग एकेक तुकडा. एक क्वार्टर फक्त पाय पाहायचे, पकडताना कोणता पाय आधी टेकला, तो उचलला तर चालतो पण चेंडू सोडायच्या आधी पुन्हा टेकला तर स्टेपिंग. एक क्वार्टर फक्त हात. एक क्वार्टर फक्त कोण कुठल्या भागात गेलं, कारण सातजणींच्या अंगावर सात अक्षरांचे बिब आणि प्रत्येकीची हद्द वेगळी, सेंटर सगळीकडं जाईल पण गोलात नाही, विंग अटॅक पुढच्या दोन भागांत पण गोलात नाही, गोल कीपर आपल्या टोकाच्या भागाबाहेर नाही. यात आमच्या पोरींना अडचण येत नाही, कुणाचं गुरं कुणाच्या धुऱ्याच्या पलीकडं गेलं हे त्या लांबून सांगतात.

अवघड गेले ते तीन सेकंद. चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांच्या आत सोडायला हवा. घड्याळ पाहायचं नाही, मनात मोजायचं. मी सगळ्यांना डोळे मिटून बसवलं आणि तीन सेकंद झाले वाटलं की हात वर करा म्हटलं, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं, तर सगळ्यांचे हात दोनलाच वर. शांत बसून दोन, मग मॅचच्या गोंधळात काय होईल, पोरीला दीड सेकंदातच शिक्षा. हे नीट व्हायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला. शेवटी एकीनं स्वतःच तोड काढली, विहिरीतून बादली ओढताना ती मनात जे मोजते त्या लयीत मोजायला लागली, एक ओढ, दुसरी ओढ, तिसरी ओढ. तिचं बरोबर बसलं. तिच्याकडून बाकीच्या शिकल्या.

व्हिडिओही काढले. एका पोरीचा भाऊ मोबाइलवर शूट करायचा आणि चेंडूच्या मागं मागं कॅमेरा फिरवायचा, त्या व्हिडिओचा आम्हाला काहीच उपयोग व्हायचा नाही. मग मी त्याला म्हटलं, तू मॅच शूट करूच नको, तुझ्या ताईला कर, पूर्ण क्वार्टर कॅमेरा तिच्यावरून हलवू नको. त्याला ते पटलं नाही, मॅडम यात काय दिसणार म्हणाला. पण त्यात सगळं दिसलं. ती कुठं थांबते, चेंडू गोलाकडं गेला तरी ती अजून साइडलाइनच्या मधेच कशी आहे, गोललाइनच्या मागं जायला पाहिजे होतं तिथं पोचतच नाही, आणि शिट्टी मारायच्या आधी ती दरवेळी एकदा माझ्याकडं पाहते. हे तिलाही माहीत नव्हतं. ते पाहून ती बराच वेळ गप्प होती.

आवाजाचं वेगळंच. गावात पोरीनं शिट्टी वाजवणं हे चांगलं मानत नाहीत, एकीच्या आजीनं शिट्टी ओट्यावरून उचलून धान्याच्या कोठीमागं टाकली होती, "पोरीच्या जातीनं शिट्टी फुकू नाई" म्हणून. मी घरी गेले, आजीशी बोलले, चहा झाला, आजीनं स्वतः कोठीमागून शिट्टी काढून दिली पण घरात वाजवायची नाही या अटीवर. मग त्या पोरी तुरीच्या वावरात जाऊन प्रॅक्टिस करायच्या. नेटबॉलमध्ये नुसती शिट्टी मारून भागत नाही, काय झालं, कुणी केलं, काय शिक्षा, हे सगळं मोठ्यानं आणि हाताच्या खुणेनं सांगावं लागतं. हेल्ड बॉलला, म्हणजे चेंडू तीन सेकंदांच्या वर धरला तर, तीन बोटं. ऑब्स्ट्रक्शनला दोन तळहातांत अंतर. "कॉन्टॅक्ट, जीडी, पेनल्टी पास!" असा आवाज तुरीतून यायचा आणि शेजारच्या वावरातले लोक मान वर करून पाहायचे. घरात चार माणसांत जेवण वाढताना ज्या बोलत नाहीत त्या पोरी. पहिल्यांदा त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटी वर जायचा, विचारल्यासारखा, कॉन्टॅक्ट? जीडी? तो खाली आणायला वेळ लागला.

अ‍ॅडव्हांटेज सगळ्यांत शेवटी शिकवते. फाऊल झाला, पण शिट्टी मारली तर जिच्यावर फाऊल झाला तिचंच नुकसान होतंय, तिची टीम पुढं गोलाकडं चाललीये, तर शिट्टी रोखायची आणि हातानं दाखवायचं की मी पाहिलंय, चालू द्या. यात सगळं आलं. शिट्टी ओठात आहे, फुप्फुसात हवा भरलीये, आणि तरी थांबायचं. नवीन पंचाला हे फार जड जातं कारण शिट्टी मारली नाही तर लोकांना वाटेल हिला दिसलंच नाही. हे जमायला लागलं की मला कळतं ही पंच होणार.

आता मी केलेलं एक नुकसान लिहिते. पहिल्या बॅचमध्ये एक पोरगी होती, माझी जुनी गोल कीपर, नजर इतकी तेज की माझ्या खड्यांपेक्षा तिचे खडे बरोबर असायचे. तिची पहिली खरी मॅच झाली, तालुक्याला. मी वही घेऊन बसले होते. मॅच संपल्यावर मी तिला तिथंच, घाम पुसायच्या आधी, चौदा चुका वाचून दाखवल्या. एकेक करून, मिनिटासकट. चौदाच्या चौदा खऱ्या होत्या. मला वाटत होतं मी तिला ते देतेय जे मला कुणी दिलं नाही. ती ऐकत राहिली, हो मॅडम, हो मॅडम. सोमवारी शाळेत माझ्या टेबलावर शिट्टी ठेवलेली होती, दोरी नीट गुंडाळून. मी दोनदा तिच्या घरी गेले, ती दोन्ही वेळेस चांगलं बोलली, पण शिट्टी घ्यायला आली नाही. अमरावतीच्या त्या ताईंनी मला एका वेळी एकच गोष्ट सांगितली होती, पाणी देऊन. पाहण्याबद्दल मी त्यांच्याकडून शिकले आणि सांगण्याबद्दल मात्र काहीच शिकले नव्हते. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, एका मॅचनंतर एकच गोष्ट, आणि तीही दुसऱ्या दिवशी, आणि आधी ती स्वतः सांगेल काय सुटलं, मग मी. ती शिट्टी माझ्याकडंच आहे, दुसऱ्या कुणाला मी ती दिली नाही.

हिरव्या शर्टाची कल्पना आम्ही आमच्या पद्धतीनं केली, हिरवा दुपट्टा कमरेला बांधायचा. पहिल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या टीमच्या सरांना आणि पालकांना मी मॅचच्या आधी एकत्र करून सांगितलं, हिरवा दुपट्टा दिसला की ही शिकणारी आहे, काही म्हणायचं असेल तर मॅच संपल्यावर माझ्याशी बोला. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. पण बहुतेकांनी ऐकलं. एक गृहस्थ तर शेजारच्यालाच गप्प करत होते, "अरे थांब ना बे, शिकून राहिली ते."

मागच्या हंगामात तालुक्याला १४ वर्षांखालच्या मॅच होत्या. आमची जुनी विंग डिफेन्स, आता कॉलेजला आहे, तिनं दुपट्टा सोडून एक वर्ष झालं होतं, ती एका बाजूला पंच होती. मी लांब, रसवंतीच्या मांडवाखाली बसून पाहत होते, मुद्दाम लांब, कारण मी जवळ असले की ती अजूनही माझ्याकडं पाहते. मॅच झाली. हरलेल्या टीममधली एक छोटी पोरगी, कोपर खरचटलेलं, डोळे लाल, सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी उठून जवळ गेले. पोरगी म्हणत होती, "ताई, तिनं मले पहिले ढकललं होतं, दोन खेपा, तुमी पाह्यलंच नाई."

माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. वीस वर्षांनी, जसंच्या तसं.

ती खाली बसली, पोरीच्या उंचीला आली. म्हणाली, "कवा? तिसऱ्या क्वार्टरमंदी का?" पोरगी म्हणाली हो. ती म्हणाली, "मले दिसलं नाई गं. चल, कुठं झालं ते दाखव मले." आणि दोघी फक्कीच्या आत गेल्या. पोरीनं जागा दाखवली, गोलाच्या कडेला. ही जाऊन आपण जिथं उभी होती तिथं उभी राहिली, साइडलाइनवर, आणि पोरीला म्हणाली तू तशीच उभी राहा, आणि दुसऱ्या एका मुलीला मधे जीकेच्या, म्हणजे गोल कीपरच्या, जागी उभं केलं. पाहिलं. मग गोललाइनच्या मागं दोन पावलं सरकली, पुन्हा पाहिलं. "इथं असती त दिसलं असतं," असं म्हणाली, पोरीला नाही, स्वतःलाच. मग पोरीला म्हणाली, माझं चुकलं. निकाल काही बदलत नव्हता आणि पोरीचं रडणंही लगेच थांबलं नाही, पण तिनं नाक पुसलं आणि कोपरावर पाणी टाकायला गेली.

संध्याकाळी आम्ही दोघी एसटीची वाट पाहत होतो. ती म्हणाली, मॅडम एकच सांगायचंय, सांगू? म्हटलं सांग, पण उद्या सांगायचं ठरलंय ना. म्हणाली नाही, आत्ताच. "मी जीकेच्या मागून पाहून राह्यली होती, म्हणून सुटलं. तुमाले मांडवातून दिसलं होतं का?"

म्हटलं नाही, मी पूर्ण मॅच तुझ्याकडंच पाहत होते.

ती थोडा वेळ रस्त्याकडं पाहत राहिली. "मंग मॅडम, त्या पोरीकडं कोण पाहत होतं?"

त्यावर आम्ही बसमध्ये दारव्हा येईपर्यंत बोलत होतो.